हरणासाठी हलकी बंदूक

मी जनावरांची डॉक्टर आहे. सरकारी दवाखान्यात गाई-म्हशी, शेळ्या, कधीमधी कुणाचं कुत्रं, असं माझं रोजचं काम. बंदुकीशी माझा संबंध आला तो वन विभागामुळं. जिल्ह्यात कुठं रानातलं जनावर विहिरीत पडलं, तारेत गुंतलं, वस्तीत शिरलं की त्याला भूल द्यायला डॉक्टर लागतो. आमच्यापैकी कुणीतरी हे काम घ्यावं म्हणून बैठकीत विचारणा झाली, तेव्हा सगळे टेबलाकडं बघत बसले होते. मी तेवढी समोर बघत होते. माझं नाव लिहिलं गेलं.

भुलीच्या बंदुकीत गोळी नसते. औषध भरलेली सुई असते, मागं गुलाबी रंगाचा गोंडा असलेली. तिला डार्ट म्हणतात. गॅसच्या दाबानं ती सुटते, जनावराच्या मांडीत रुतते आणि औषध आपोआप आत जातं. हे मला प्रशिक्षणात दोन दिवसांत शिकवलं. नेम धरायला एक लाकडी फळी होती. फळी पळत नव्हती, त्यामुळं मला ते काम सोपं वाटलं.

आमच्याकडं आलेली बंदूक बिबट्यासाठी घेतलेली होती. दुसऱ्या विभागाला नवी मिळाली, म्हणून जुनी आमच्याकडं. लांबलचक नळी, वर दुर्बीण, आणि वजन असं की पेटीतून काढतानाच मनगट भरून यावं. माझी उंची पाच फुटांच्या आतबाहेर. त्यात उजवा खांदा अधू. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हशीनं मला जनावर अडकवायच्या खोड्याच्या लाकडावर असं दाबलं होतं की पुढं सहा महिने वेणी घालायला बहिणीला बोलवावं लागायचं. खांदा बरा झाला, पण हात वर धरून ठेवला की थोड्या वेळानं तो आपला आपण खाली यायला लागतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाईमाणसानं असलं काही सांगितलं की पुढचं वाक्य काय येतं ते मला ठाऊक होतं.

मार्च महिन्यातल्या एका सकाळी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतून फोन आला. एका कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत हरणी शिरली होती. काळविटाची मादी, एकटी. कुंपणाच्या भिंतीत एक भगदाड होतं, त्यातून आली असणार, पण तिला ते पुन्हा सापडत नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा पहिली पाळी आत शिरत होती. बजाजनगरहून आलेली कामगार मंडळी डबे हातात धरून भिंतीवर चढून बघत होती, मोबाईल वर धरून. हरणी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत होती आणि दर वेळी भिंतीशी गेल्यावर उंच उडी घेऊन परत वळत होती.

माझ्याबरोबर आमची वनरक्षक होती. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, वैजापूरकडची, धडधाकट आणि तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "मॅडम, ह्या लोकायला आधी पांगवू. तिला दम खाऊ द्या. मग जवळ जाऊ."

ते बरोबर होतं. पण ऊन चढत होतं, कारखान्याचे साहेब घड्याळ बघत होते आणि मला वाटलं, ती धावून धावूनच मरेल. मी लाकडी पॅलेटच्या ढिगावर चढले. अंतर चाळीस मीटरच्या आसपास होतं. एवढ्या लांब सुई जायची म्हणून मी दाब वाढवला. बंदूक खांद्याला लावली. नळीचं टोक खाली जायला लागलं, मी ते वर ओढलं, पुन्हा खाली गेलं. हरणी क्षणभर थांबली आणि मी चाप ओढला.

सुई मांडीत लागली. पण जो आवाज आला तो मांसात सुई रुतल्याचा नव्हता. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज होता. बिबट्याच्या बंदुकीचा वाढवलेला दाब आणि शेळीएवढ्या जनावराचं हाड. ती तीन पायांवर अजून एक फेरी धावली. मग बसली.

ती आमच्या गाडीतच मेली. वनरक्षक मागं बसली होती, तिचं डोकं मांडीवर घेऊन. दवाखान्याच्या दाराशी उतरताना तिनं एवढंच विचारलं, "पोटात पिल्लू होतं का वं मॅडम?"

"नव्हतं," मी म्हणाले. मी तपासलं होतं. ती म्हणाली, "बरं झालं," आणि नळाखाली हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी वन विभागाच्या साहेबांना पत्र दिलं. या कामातून मला मोकळं करावं, मी योग्य नाही. साहेब मितभाषी होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि टेबलावरच्या काचेखाली सरकवलं.

"हे इथं राहू द्या. नवीन बंदूक घ्यायला मंजुरी आलीय. कोणती घ्यायची त्याचा अभिप्राय तुम्ही द्या. मग हे पत्र काढू."

"सर, मला बंदुकीतलं काही कळत नाही."

"आता कळलंय की थोडं," ते म्हणाले. ते टोचून बोलले नव्हते. पण मला लागलं, आणि लागलं ते चांगलं झालं, हे मी आता म्हणू शकते.

माहितीपत्रकं आली. प्रत्येकात लांबचा पल्ला मोठ्या अक्षरांत छापलेला. साठ मीटर, सत्तर मीटर. मी पुंडलिकनगरच्या घरी जेवणाच्या टेबलावर ती पसरून बसायचे आणि नवरा ताटं कुठं ठेवायची म्हणून विचारायचा. मला वाटायचं, जितका पल्ला लांब तितकं चांगलं. जनावर जवळ येऊ देत नाही, हाच तर त्रास होता.

वनरक्षकानं एकदा ती पत्रकं चाळली. मग म्हणाली, "मॅडम, हे सगळं विकणाऱ्याचं बोलणं हाय. रविवारी माझ्यासंगं गुलमंडीला चला. तिथं एक चाचा हायेत. आमच्या ऑफिसच्या जुन्या बंदुका तेच नीट करायचे."

गुलमंडीच्या कापड दुकानांमागच्या बोळात चाचांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडी बाकडं, लोखंडी पकड, कानशी आणि तेलाचा वास. ते बंदुका विकत नव्हते, फक्त दुरुस्त करत. शेतकऱ्यांच्या परवान्याच्या जुन्या दुनळ्या, क्वचित कुठल्या बँकेच्या पहारेकऱ्याची. पंच्याहत्तरीच्या पुढचे असतील. पांढरी दाढी, जाड भिंगाचा चष्मा, आणि हात मात्र अजिबात न थरथरणारे. वनरक्षकानं साहेबांची लेखी परवानगी घेऊन आमची ती बिबट्याची बंदूक पेटीसकट आणली होती.

त्यांनी बंदूक बघितलीच नाही. आधी मला म्हणाले, "बाई, क्या हुआ वो बताव. सगळं सांगा."

मी सांगायला लागले. ते एका पत्र्याच्या तुकड्याला कानस मारत ऐकत होते. मधे मधे विचारायचे. किती दूर होती? दाब किती केला? कुठं लागली? वर की खाली? मी हाडाच्या आवाजापर्यंत आले आणि मला पुढं बोलता येईना. मी रडले. त्यांनी मान वर केली नाही, समजूत घातली नाही, कानससुद्धा थांबवली नाही. माझं रडणं संपेपर्यंत तो घासल्याचा आवाज चालू होता. त्या आवाजाचा मला किती आधार वाटला ते मला सांगता येणार नाही. मग ते म्हणाले, "बंदूक बिबट्याची. हरीण बकरीएवढं. बंदुकीचा क्या कसूर? आणि तुम्ही कायकू एवढं दूरून मारता?"

"जवळ गेलं की पळतं."

"पळणारच. हरीण आहे." त्यांनी कानस खाली ठेवली. "उठा. धरा बंदूक."

मी धरली. ते माझ्याभोवती एक चक्कर मारून आले. शिंपी माप घ्यायच्या आधी बघतो तसं बघत होते. म्हणाले, "कंबर मागं जाऊ राहिली तुमची. नळीचं वजन उचलायला सगळं अंग मागं झुकतंय. दस्ता लांब आहे, गाल पोचत नाही. आणि हा खांदा... खांद्याला काय झालं?"

बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. मी म्हशीचं सांगितलं. वनरक्षक डोळे मोठे करून माझ्याकडं बघायला लागली. "अन् तुम्ही ह्यो धोंडा उचलू राह्यल्या होत्या इतके दिवस? बोलायचं नाय का?"

चाचांनी दुकानाच्या मागच्या कोपऱ्यातून बंदुकीचा, खांद्याला टेकवायचा एक लाकडी दस्ता काढला. नुसता दस्ता, नळी नाही, चाप नाही. आखूड, हाताळून हाताळून काळपट झालेला. तो त्यांनी माझ्या खांद्याला लावला. गाल आपसूक लाकडावर टेकला. हात कोपरातून दुमडला आणि अंगाशी राहिला. खांदा काही बोललाच नाही.

"हा माझ्या अब्बाच्या बंदुकीचा," ते म्हणाले. "जोडीचा दुसरा, पहिला तुटला तर म्हणून बनवून ठेवलेला. बंदूक नाही आता."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हाच घरी जाऊन वहीत उतरवून ठेवलं. शिकारीला बंदी नव्हती त्या काळात त्यांचे वडील मोठ्या लोकांना शिकारीला घेऊन जायचे. त्या लोकांच्या बंदुका उंच आणि देखण्या. वडिलांची मात्र आखूड, हलकी. तिच्यात पिस्तुलाचं काडतूस बसायचं. पाहुणे हसायचे, म्हणायचे, ही जनानखान्यातली बंदूक आहे. पण वडिलांना ठाऊक होतं. बोरी-बाभळीच्या झुडपात लांब नळी अडकते. आणि हरणाला मारायला तोफ लागत नाही, जवळ जावं लागतं. वडील वीस पावलांच्या पलीकडून कधी चाप ओढत नसत. "दूरून मारलेलं जनावर जखमी होऊन जातं, आणि झुडपात दोन दिवस मरतं. अब्बा म्हणायचे, पाऊल टाकायचा कंटाळा असेल तर बंदूक उचलायची नाही."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग कायदा आला. अब्बांनी पहिल्या हप्त्यात नेऊन जमा केली. मी त्यांच्यासंगे गेलो होतो चौकीपर्यंत. त्यानंतर आमच्या घरात कुणी जनावरावर नेम धरला नाही. मी पण मारलेत, बाई. लहान होतो. आता खायला दिलं तरी उतरणार नाही. पण हुनर आहे तो आहे. तुम्ही जगवायला वापरा. तुम्हाला तर अब्बापेक्षा जवळ जावं लागेल."

त्या दिवशी त्यांनी मला कळेल अशा भाषेत सांगितलं की काय बघायचं. वजन मागच्या हाताशी असावं, नळीच्या टोकाला नसावं. दस्ता आखूड. चाप मऊ, नाहीतर ओढताना नेम हलतो. आणि दाब खूप खालपर्यंत उतरवता यावा. "वर किती जातो ते तर सगळेच लिहितात. खाली किती येतो ते विचारा."

विकणाऱ्या माणसाला साहेबांनी रोपवाटिकेच्या मोकळ्या जागेत बोलावलं. त्यानं तीन बंदुका आणल्या. एक लांब पल्ल्याची, आमच्या जुनीसारखीच पण नवी कोरी. एक चक्क पिस्तूल, डार्ट उडवणारं, पर्समध्ये मावेल असं. आणि तिसरी एक आखूड बंदूक. तिची गॅसची नळकांडी पिस्तुलाचीच होती, पण तिला दस्ता जोडलेला. ती तिसरी त्यानं पेटीतून काढलीसुद्धा नव्हती. चाचांना वनरक्षक स्कूटरवर मागं बसवून घेऊन आली होती, आणि त्यांनीच काठीनं पेटीवर टकटक केलं. "यह क्या है?"

"ती लहान जनावरांसाठी आहे, बाबा. पल्ला कमी आहे."

"हमारा जानवर छोटाच है," चाचा म्हणाले.

साहेबांचा ओढा लांब पल्ल्याकडं होता. त्यात त्यांचं चुकत नव्हतं, एकच बंदूक मिळणार होती आणि बिबटेही येतच होते. मी येताना बाजारातून तीन भोपळे आणले होते. चांगले पिकलेले, जाड सालीचे. एकेका भोपळ्यावर गोणपाट गुंडाळून ते झाडाच्या बुंध्याशी ठेवले आणि पंधरा पावलं मागं आले.

लांब बंदुकीचा दाब होता होईल तितका कमी करूनही पहिला भोपळा उकलला. गोणपाट काढलं तर बिया बाहेर. पिस्तुलानं मी दोनदा झाडाला मारलं आणि एकदा कशालाच नाही. ते हातात इतकं हलकं होतं की श्वास घेतला तरी हलत होतं. मग तिसरी उचलली. चाचांनी मागून फक्त माझं कोपर बोटानं खाली दाबलं. मी चाप ओढला. टप्प असा आवाज आला, कुणी कपाळावर टिचकी मारावी तसा. सुई गोणपाटातून भोपळ्यात रुतून उभी राहिली, गोंडा थरथरत. भोपळा अखंड.

साहेबांनी स्वतः जाऊन ती सुई उपटली, भोक बोटानं चाचपलं. "आणि बिबट्याचं काय?" त्यांनी विचारलं.

मला तेव्हा ते सांगावं लागलं, सगळ्यांसमोर. "सर, बिबट्यासाठी जुनी आहे, आणि ती चालवायला माझ्यापेक्षा उंच माणूस द्या. वाळूजची हरणी बंदुकीनं मेली नाही. मी लांबून मारलं, दाब वाढवला, आणि माझा खांदा अधू आहे हे लपवलं. हिच्यात लांबून मारायची सोयच नाही. मला तीच पाहिजे."

विकणारा माणूस पायाकडं बघायला लागला. साहेबांनी कागदावर सही केली. पुढच्या आठवड्यात त्यांनी काचेखालचं माझं पत्र मला परत दिलं. पाकिटात घालून. त्या साहेबांनी माझ्या खात्याला त्या हरणीविषयी एक ओळही प्रतिकूल कळवली नव्हती, हे मला खूप नंतर कळलं. तोवर त्यांची बदली झाली होती. आभार मानायचे राहून गेले. इथं मानते.

बंदूक आली, पण जवळ जायचं कसं हे बंदुकीबरोबर येत नाही. ते मला वनरक्षकानं शिकवलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती मला वैजापूरकडच्या माळावर न्यायची. बंदूक नसायची, नुसतं चालायचं. वारा कुठून येतो ते चिमूटभर माती सोडून बघायचं. सरळ हरणाकडं चालायचं नाही, बाजूनं दुसरीकडंच निघाल्यासारखं जायचं. त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही.

"तुम्ही बघता लई," ती म्हणायची. "त्याला वाटतं ही बाई माझ्यासाठीच आलीय. अशा चाला जणू तुमची शेळी हारवलीय."

मी माझी हरवलेली शेळी शोधत महिनोन् महिने हिंडले. पन्नास पावलांवरून चाळीस, चाळीसवरून तीस. तिसाच्या आत मात्र कळप उधळायचाच.

पुढच्या थंडीत वैजापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा तिला फोन आला. त्याच्या हरभऱ्यात एक काळवीट येत होतं, मोठं, पुऱ्या काळ्या पाठीचं. त्याच्या शिंगांत शेताभोवती लावायची नायलॉनची जाळी गुंतली होती आणि जाळीचा पीळ तोंडाभोवती बसला होता. तीन दिवस झाले ते पिकात उभं राहत होतं, पण त्याला खाता येत नव्हतं. शेतकरी म्हणाला, "खाल्लं असतं तर शिव्या दिल्या असत्या. नुसतं उभं राहू राह्यलंय, ते बघवत नाय."

आम्ही पहाटेच्या गारव्यात पोचलो. उन्हात धावपळ झाली की हरीण भुलीतून उठत नाही, म्हणून थंड वेळ पाहिजे. शेतकरी आणि त्याची बायको बांधावर उभी होती. काळवीट हरभऱ्याच्या मधोमध होतं. भोवती एक झुडूप नाही, बांध नाही, काही नाही. माझी हरवलेली शेळी इथं कामाची नव्हती.

मी चाचांना फोन लावला. त्यांना उठवावं लागलं नाही, नमाज झाली होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "त्या शेतात रोज काय जातं?"

मी फोन तसाच धरून शेतकऱ्याच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, "काय जातंय? आमची बैलगाडी जातीय. तिला नाय भीत ते. गाडी जवळून गेली तरी बघत ऱ्हातं."

फोनवर चाचांनी ते ऐकलं होतं. "हौ," ते म्हणाले. "बसा मग."

शेतकऱ्यानं बैल जुंपले. गाडीत कडबा भरला होता, त्यात मी आणि वनरक्षक पालथ्या झोपलो. शेतकरी पुढं बसून रोजच्यासारखा बैलांना शिव्या देत होता. मीच त्याला सांगितलं होतं, गप्प बसू नका. कडब्याची पाती नाकात जात होती. गाडीच्या हादऱ्यानं बंदूक हलत होती आणि मी ती छातीशी लहान मुलासारखी धरली होती. वनरक्षक कडब्याच्या फटीतून बघून पावलं सांगत होती. "चाळीस... तीस... मॅडम, बघू राह्यलंय पण उभं हाय... वीस..."

वीसला मी थांबवणार होते. पण तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. गाडी अजून थोडी पुढं गेली. शेतकऱ्यानं बैल थांबवून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि खाली उतरून चाकाशी काहीतरी बघितल्यासारखं करायला लागला.

मी कडब्यातून नळी बाहेर काढली. एवढ्या जवळून मी उभं काळवीट कधी बघितलं नव्हतं. त्याच्या पाठीवर दव होतं. जाळीनं ओठ कापला होता. खांदा दुखला का, मला आठवत नाही. गाल लाकडावर टेकलेला होता एवढं आठवतं. टप्प आवाज झाला. त्यानं एक उडी घेतली, गोंडा मांडीवर दिसला, आणि आठ-दहा उड्यांवर जाऊन ते थांबलं. आम्ही हललो नाही. बराच वेळ गेला, निदान मला तसा वाटला. मग त्याचे मागचे पाय सैल झाले, ते लडखडलं आणि हळूच बसलं.

पुढचं काम माझं नेहमीचं होतं आणि तिथं माझे हात शहाणे आहेत. डोळ्यांवर ओढणी बांधली, कानात कापूस घातला, डोकं वर धरून त्याला छातीवर बसतं ठेवलं. वनरक्षकानं जाळी कापली. पीळ इतका घट्ट होता की तिला कात्री खाली सरकवायला माझं बोट आधी आत घालावं लागलं. मांडीचं हाड मी वरपासून खालपर्यंत चाचपलं. मग दुसऱ्यांदा. वनरक्षक म्हणाली, "मॅडम, बस करा. शाबूत हाय." मी तरी तिसऱ्यांदा चाचपलं. जखम धुतली, औषध लावलं, आणि वेळ झाल्यावर भुलीचा उतारा दिला.

आम्ही गाडीपर्यंत मागं सरलो. काळविटानं कान हलवला. मग डोकं उचललं. एकदा उठायला गेलं आणि पडलं. दुसऱ्यांदा ते चारी पायांवर उभं राहिलं. आमच्याकडं बघितलं नाही. सगळ्यात आधी त्यानं खाली मान घालून हरभऱ्याचा एक घास घेतला.

"घ्या!" शेतकऱ्याची बायको म्हणाली. "लागलं आमच्या हरभऱ्याला!" आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले. काळवीट आणखी दोन घास खाऊन माळाकडं चालत गेलं, मग पळत.

चाचांचा फोन आला. मी उचलण्याआधी वनरक्षकानंच उचलला.

"उठा क्या?"

"उठलं चाचा. खाऊन गेलं."

मग ते म्हणाले, "बाईला सांगा, सुई शोधून आणा. शेतात राहिली तर बैलाच्या पायात जाईल."

आम्ही चौघं वाकून हरभऱ्यात सुई शोधत फिरलो. काळवीट जिथं बसलं होतं तिथून थोडी अलीकडं ती गळून पडली होती. गुलाबी गोंड्यामुळं शेतकऱ्याला दिसली.

त्या बाईनं आम्हाला तसं जाऊ दिलं नाही. चुलीवरची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, ठेचा आणि कांदा. वनरक्षक माझ्या ताटातला ठेचाही खाऊन गेली. तिथं भिंतीला पाठ टेकून बसल्यावर मला जाणवलं की मी त्या हरणीनंतर पहिल्यांदा पोटभर जेवत होते. असं म्हटलं तर खोटं वाटेल, घरी मी रोज जेवतच होते. पण तसंच होतं.

ती बंदूक अजून आमच्याकडं आहे. तिच्यानं मी आतापर्यंत बरीच जनावरं सोडवली. दोन वाचली नाहीत. एक चिंकारा विहिरीतच खूप वेळ पोहत राहिलं होतं आणि एका रोहीला, म्हणजे नीलगाईला, आधीच कुत्र्यांनी फाडलं होतं. त्यातलं एकही बंदुकीच्या मारानं गेलं नाही. नव्या डॉक्टरांना शिकवताना मी भोपळे घेऊन जाते. आमची वनरक्षक आता वनपाल झालीय आणि तिच्या हाताखालच्या लोकांवर फार ओरडते.

चाचांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी दुकान बंद केलं. ते लेकीकडं राहतात. मी सणाला जाते. गेल्या ईदला मी त्यांना विचारलं की तेव्हा, पहिल्या दिवशी, मी रडत होते तर तुम्ही काही बोलला का नाहीत. ते खीर खात होते. म्हणाले, "क्या बोलता? हरणी मेली होती. रोना तो बनता था." मग लेकीला हाक मारली आणि मला अजून खीर वाढायला सांगितली.